ग्रंथमेळ्याचे व्यासपीठ आणि लेखकाचे प्रतिनिधित्व : फ्रँकफर्टच्या लेखक-संवाद व परिसंवादांची एक चिकित्सा

सारांश : फ्रँकफर्टचा आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळा हा मूलतः पुस्तकांच्या आणि अनुवाद-हक्कांच्या व्यवहाराचा बाजार आहे. परंतु १९७६ पासून तेथे सुरू झालेल्या विषयकेंद्री आणि पुढे देशकेंद्री कार्यक्रमांमुळे या बाजाराला लागूनच लेखक-संवाद व परिसंवादांचे एक मोठे व्यासपीठ उभे राहिले. या व्यासपीठावर लेखक आपल्या ग्रंथाचा कर्ता म्हणून येतो की आपल्या राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. भारत (१९८६, २००६), चीन (२००९), इंडोनेशिया (२०१५) आणि २०२३ चा पुरस्कार-वाद यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली असून मराठी साहित्यव्यवहारातील दोन प्रसंगांच्या संदर्भात तिचे निष्कर्ष तपासून पाहिले आहेत.

बीजशब्द : ग्रंथमेळा, परिसंवाद, प्रतिनिधित्व, निमंत्रण, अनुवाद, अभिव्यक्तिस्वातंत्र्य.

प्रस्तावना

साहित्यकृतीची समीक्षा करण्याची साधने आपल्याकडे पुष्कळ आहेत. साहित्यविषयक कार्यक्रमाची समीक्षा मात्र आपण क्वचितच करतो. संमेलन, परिसंवाद, प्रकट मुलाखत, ग्रंथप्रकाशन या घटनांचे वृत्तांत लिहिले जातात, अध्यक्षीय भाषणे पुस्तकरूपाने छापली जातात, वाद झाल्यास वर्तमानपत्रांतून पत्रे येतात आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक पाहता लेखक व्यासपीठावर येऊन बोलतो ही आधुनिक साहित्यव्यवहारातील एक महत्त्वाची संस्था आहे. तिला तिचे अर्थकारण आहे, तिचे राजकारण आहे आणि तिचे म्हणून काही संकेतही आहेत. अनेक वाचकांना लेखक प्रथम भेटतो तो पुस्तकातून नव्हे, तर व्यासपीठावरून. म्हणूनच या संस्थेचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात त्यासाठी फ्रँकफर्टच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळ्याची निवड केली आहे. निवडीचे कारण असे की, बाजार, राज्यसंस्था आणि साहित्य या तिन्ही शक्ती तेथे एकाच छताखाली येतात आणि त्यांच्यातील संघर्ष लपून राहत नाही. परिसंवादाचे मूल्यमापन करण्यासाठी येथे तीन साधे प्रश्न विचारले आहेत. बोलणाऱ्यास निमंत्रण कोणी दिले? तो कोणत्या भाषेत आणि कोणाच्या वतीने बोलला? आणि कार्यक्रम संपल्यावर मागे काय उरले?

१. बाजार आणि व्यासपीठ

फ्रँकफर्टजवळच्या माइन्त्स या गावी गुटेनबर्गने मुद्रणकलेचा पाया घातला आणि पंधराव्या शतकातच छापील ग्रंथांचा व्यापार फ्रँकफर्टच्या जत्रेत सुरू झाला. पुढे लाइपझिगच्या मेळ्याने त्यास मागे टाकले. आजचा मेळा हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शे या वास्तूत २०५ जर्मन प्रदर्शकांनी आपले ग्रंथ मांडले, ही त्याची सुरुवात. ही वास्तू म्हणजे १८४८ मध्ये जर्मनीची पहिली निर्वाचित राष्ट्रीय सभा जेथे भरली ते चर्च होय. युद्धात ते जळाले आणि १९४८ मध्ये पुन्हा बांधले गेले. ज्या देशात १९३३ मध्ये पुस्तकांच्या होळ्या झाल्या, त्या देशाने लोकशाहीच्या या स्मारकात पुस्तकांचा बाजार पुन्हा मांडावा, यात मोठा अर्थ होता. १९५० पासून जर्मन ग्रंथव्यवसायाच्या वतीने शांतता पुरस्कार दिला जाऊ लागला. पुढे मेळ्याच्या अखेरच्या दिवशी याच पाउल्सकिर्शेत पुरस्काराचे भाषण होण्याची प्रथा रूढ झाली.

तथापि मेळ्याचे दैनंदिन स्वरूप व्यापारीच राहिले. २०१९ मध्ये तेथे शंभराहून अधिक देशांतील सुमारे ७,४०० प्रदर्शक आणि ३ लाखांहून अधिक अभ्यागत आले होते. परंतु पहिले दिवस मुख्यत्वे व्यावसायिकांसाठी राखलेले असतात. प्रकाशक व साहित्य-एजंट आधीच ठरवलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी घेतात आणि त्यांत अनुवादाचे हक्क मागितले व दिले जातात. लेखकाने तेथे हजर असलेच पाहिजे असे नाही. किंबहुना या व्यवहारात लेखक हा सर्वांत अनावश्यक माणूस असतो, असे म्हटले तरी वावगे ठरू नये.

लेखकाला प्रतिष्ठा मिळते ती दालनाबाहेरच्या मंचावर. तेथे त्याची मुलाखत होते, तो उतारा वाचतो, दोन प्रश्नांची उत्तरे देतो आणि पुढच्या लेखकासाठी खुर्ची रिकामी करतो. याचा अर्थ हा मंच निरर्थक आहे असा नव्हे. बाजाराला जे मोजता येत नाही ते उच्चारण्याची सोय या मंचाने केली. मात्र ही सोय कोणाच्या खर्चाने झाली आणि त्या खर्चाची अपेक्षा काय असते, हे पाहिल्याशिवाय तेथील बोलण्याचा अर्थ लागत नाही.

२. विषयाकडून देशाकडे

१९७६ मध्ये मेळ्याने प्रथमच एक मध्यवर्ती विषय स्वीकारला. तो होता लॅटिन अमेरिकेचे साहित्य. दर दोन वर्षांनी असा विषय येऊ लागला. १९८० मध्ये कृष्णवर्णीय आफ्रिकेचे साहित्य हा विषय होता. या कार्यक्रमाचे फलित केवळ चर्चेपुरते राहिले नाही. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील साहित्य जर्मन भाषेत यावे यासाठी त्याच वर्षी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तीच पुढे लिटप्रोम या नावाने ओळखली जाऊ लागली. परिसंवादातून संस्था जन्मते आणि संस्थेतून अनुवाद जन्मतात, असे हे उदाहरण आहे. या संस्थेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९८८ मध्ये इटलीपासून 'सन्माननीय अतिथी देश' ही पद्धत सुरू झाली आणि दरवर्षी एक देश निमंत्रित होऊ लागला. वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात 'लॅटिन अमेरिकेचे साहित्य' या विषयाला सरकार नसते, तर 'इटली' या अतिथीला ते असते. अतिथी देश आपले दालन उभारतो, लेखकांचे शिष्टमंडळ पाठवतो, अनुवादांना अनुदान देतो. त्यामुळे त्या वर्षी त्या देशाची पुस्तके जर्मन भाषेत मोठ्या प्रमाणावर येतात, हा या पद्धतीचा निःसंशय लाभ आहे. परंतु जो खर्च करतो तो यादीही करतो. अशा रीतीने निमंत्रणाचा अधिकार वाङ्मयीन निवडीकडून राजनैतिक निवडीकडे सरकला. २०२४ मध्ये इटली पुन्हा अतिथी देश असताना रोबेर्तो साव्हियानो यांचे नाव अधिकृत शिष्टमंडळाच्या मूळ यादीत नव्हते. त्याच्या निषेधार्थ पाओलो जोर्दानो यांनी शिष्टमंडळात जाण्याचे नाकारले आणि साव्हियानो जर्मन प्रकाशकाच्या निमंत्रणावरून मेळ्यास आले. लोकशाही देशांतही यादी ही निरपेक्ष गोष्ट नसते, एवढे यावरून दिसते.

३. भारत : १९८६ आणि २००६

भारत या व्यासपीठावर दोनदा आला. १९८६ मध्ये मेळ्याचा मध्यवर्ती विषय म्हणून आणि २००६ मध्ये सन्माननीय अतिथी म्हणून. दोनदा हा मान मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला. २००६ च्या सहभागाचे संयोजन नॅशनल बुक ट्रस्टकडे होते. उद्घाटनाच्या प्रसंगी महाश्वेता देवी बोलल्या. त्या वेळी त्यांचे वय ८० वर्षांचे होते. आदिवासी आणि भूमिहीन यांच्या जगण्याशी आपले लेखन बांधून घेतलेल्या या लेखिकेने उद्घाटनाच्या औपचारिक मंचावर संस्कृतीवरील सामान्य माणसाच्या अधिकाराचा विषय मांडला आणि राज कपूरच्या चित्रपटातील एका सर्वपरिचित गीताचा आधार घेऊन श्रोत्यांना हेलावून सोडले.

या भाषणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एक अंतर्विरोध समीक्षकाने नोंदवला पाहिजे. महाश्वेता देवींचे कथात्म साहित्य हे भारतीय राज्यव्यवस्थेच्या विरोधात दिलेली साक्ष आहे. त्यांच्या कथेतील द्रौपदी ही आदिवासी स्त्री सशस्त्र दलाच्या अधिकाऱ्यासमोर जी उभी राहते, ती राष्ट्राची प्रतिनिधी म्हणून नव्हे. त्याच लेखिकेला राष्ट्राच्या वतीने उद्घाटनाचे भाषण करण्यास बोलावले जाते, तेव्हा राष्ट्राचा मोठेपणा दिसतो हे खरे, परंतु साक्षीची धार अभिमानाच्या आवरणाखाली जाण्याचा संभवही निर्माण होतो. ऐकणारा डोळे पुसतो आणि 'भारत किती विविध आहे' असे म्हणून बाहेर पडतो. लेखिकेने मात्र विविधतेविषयी लिहिलेले नसते, तर अन्यायाविषयी लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न भाषेचा. साहित्य अकादेमी २४ भाषांतील साहित्याला मान्यता देते. त्यांपैकी एका भाषेत लिहिणाऱ्या लेखकास परदेशी मंचावर 'भारतीय साहित्य' या विषयावर बोलावयास लावणे म्हणजे त्याने जे वाचलेले नाही त्याविषयी त्यास उत्तरदायी धरणे होय. मराठी कादंबरीकार बंगाली, तमिळ, काश्मिरी या साऱ्यांच्या वतीने बोलतो, तेही बहुधा इंग्रजीतून, आणि श्रोते ते जर्मन अनुवादातून ऐकतात. दोन वळणे घेऊन पोचलेल्या या वाक्यात त्याच्या भाषेचे काय उरत असेल, याचा विचार केलेला बरा.

या संदर्भात किरण नगरकर यांचे उदाहरण मराठी वाचकास अधिक बोलके वाटेल. 'सात सक्कं त्रेचाळीस' या १९७४ च्या कादंबरीने मराठी गद्याची घडी मोडणारा हा लेखक पुढे इंग्रजीत गेला. त्यांच्या 'ककोल्ड' या इंग्रजी कादंबरीस २००० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि जर्मन अनुवादातून तिला फार मोठा वाचकवर्ग लाभला. २०१२ मध्ये जर्मनीने त्यांना आपला नागरी सन्मान दिला. जर्मन वाचकांतील त्यांची ख्याती मुख्यतः इंग्रजी कादंबऱ्यांवर उभी राहिली. आपण त्यांच्या इंग्रजीत जाण्यावर रुष्ट झालो. परंतु मराठीतून थेट जर्मनमध्ये जाण्याचा मार्ग रुंद करण्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न त्या रोषात बाजूला पडला. २०१९ मध्ये नगरकरांचे निधन झाले. प्रश्न मात्र तसाच आहे.

४. निमंत्रण मागे घेण्याचे राजकारण : चीन, २००९

प्रतिनिधित्वाच्या या रचनेतील ताण सर्वांत उघडपणे दिसला तो २००९ मध्ये. त्या वर्षी चीन अतिथी देश होता. मेळ्यापूर्वी सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला चीन व जग या विषयावर एक परिसंवाद आयोजित केला होता. त्यासाठी पत्रकार व लेखिका दाय छिंग आणि कवी बेई लिंग यांना बोलावण्यात आले. दाय छिंग यांनी थ्री गॉर्जेस धरणाच्या प्रकल्पावर कठोर टीका केलेली होती. चिनी संयोजकांनी आक्षेप घेताच मेळ्याच्या व्यवस्थापनाने ही निमंत्रणे मागे घेतली. त्यावर जर्मनीत टीकेचे मोहोळ उठले आणि दोघेही अखेर परिसंवादास उपस्थित राहिले. ते बोलावयास उभे राहताच अधिकृत चिनी शिष्टमंडळ सभागृहाबाहेर गेले. मेळ्याचे संचालक युर्गेन बोस यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर ते परतले. ऑक्टोबरमध्ये मेळ्याचे उद्घाटन जर्मनीच्या चान्सेलर अंगेला मेर्केल आणि चीनचे तत्कालीन उपाध्यक्ष शी जिनपिंग यांच्या उपस्थितीत झाले.

या घटनेकडे केवळ 'एकपक्षीय राज्याची दडपशाही' म्हणून पाहणे सोपे आहे, परंतु अपुरे आहे. निमंत्रण मागे घेणारे हात चिनी नव्हते. लोकशाही देशातील, व्यवसायाने ग्रंथांशी बांधलेल्या संस्थेने ते घेतले, आणि तेही कोणत्याही कायद्याच्या सक्तीने नव्हे, तर पाहुण्याचा मान राखण्यासाठी. शिष्टाचार हे सेन्सॉरशिपचे सर्वांत सभ्य रूप असते. 'आत्ता नको', 'या मंचावर नको', 'पाहुण्यांना अवघड वाटेल' या वाक्यांत कोणाचीही मुस्कटदाबी होत असल्याचे ऐकू येत नाही.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सभात्याग करणाऱ्या त्या शिष्टमंडळात मो यान हे कादंबरीकार होते. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच ऑक्टोबर महिन्यात पाउल्सकिर्शेमध्ये शांतता पुरस्कार स्वीकारला तो लियाओ यिवू यांनी. कारावास भोगलेले हे लेखक २०११ मध्ये चीन सोडून जर्मनीत आले होते. एकाच भाषेतील दोन लेखक, एक शिष्टमंडळातील आणि एक निर्वासित, एकाच महिन्यात सन्मानित झाले. मो यान यांच्या कादंबऱ्यांतील खेडे आणि भूक ही अस्सल आहेत. शिष्टमंडळासोबत बाहेर पडल्याने ती खोटी ठरत नाहीत. म्हणून व्यासपीठावरील वर्तनावरून साहित्यकृतीचा निवाडा करू नये आणि साहित्यकृतीच्या थोरवीने व्यासपीठावरील वर्तन झाकूही नये. प्रतिनिधी म्हणून गेलेला माणूस त्या क्षणी लेखक राहिला का, हा प्रश्न लेखकाच्या प्रतिभेविषयीचा नसून व्यासपीठाच्या रचनेविषयीचा आहे.

५. परक्या भूमीवरील साक्ष : इंडोनेशिया, २०१५

असेच व्यासपीठ काही वेळा उलट परिणामही घडवते. २०१५ मध्ये इंडोनेशिया अतिथी देश होता. १९६५-६६ मधील कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात त्या देशात लाखो माणसे मारली गेली आणि त्यानंतर अनेक दशके त्याविषयी उघडपणे बोलणे अशक्य होते. लैला चुदोरी आणि लक्ष्मी पामुनजाक या लेखिकांच्या कादंबऱ्यांचा विषय हाच आहे. त्यांच्या कादंबऱ्या जर्मन भाषेत आल्या आणि फ्रँकफर्टच्या मंचांवर १९६५ ची चर्चा झाली. याच ऑक्टोबर महिन्यात बाली बेटावरील उबुद येथील लेखक-वाचक महोत्सवात मात्र १९६५ संबंधीचे कार्यक्रम प्रशासनाच्या दबावामुळे रद्द करावे लागले. जे परदेशात राष्ट्राच्या खर्चाने बोलता आले, ते स्वदेशात स्वतःच्या मंचावर बोलता आले नाही.

याच वर्षी मेळ्याच्या उद्घाटनपर पत्रकार परिषदेत सलमान रश्दी यांचे भाषण झाले. त्याच्या निषेधार्थ इराणच्या सांस्कृतिक मंत्रालयाने मेळ्यावर बहिष्कार घातला. मेळ्याने निमंत्रण मागे घेतले नाही. २००९ चा धडा संस्थेने काही प्रमाणात आत्मसात केला होता, असे येथे म्हणता येईल. बहिष्काराची किंमत देऊनही निमंत्रण टिकवता येते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

६. पुरस्कार आणि मौन : २०२३

आत्मसात केलेला धडा किती कच्चा होता, हे २०२३ मध्ये दिसून आले. पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांच्या 'मायनर डिटेल' या नावाने इंग्रजीत आलेल्या अरबी कादंबरीच्या जर्मन अनुवादास लिबेरातुर पुरस्कार जाहीर झालेला होता. १९४९ मध्ये इस्रायली सैनिकांनी एका बेदुइन मुलीवर केलेला बलात्कार व तिची हत्या हा या कादंबरीचा विषय आहे. तो मेळ्यात २० ऑक्टोबर रोजी प्रदान व्हायचा होता. ७ ऑक्टोबर रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, युद्ध सुरू झाले आणि १३ ऑक्टोबर रोजी हा समारंभ पुढे ढकलण्यात आल्याचे जाहीर झाले. पुरस्कार देणारी संस्था होती लिटप्रोम. म्हणजे १९८० च्या परिसंवादातून जन्मलेली तीच संस्था. समारंभ लेखिकेच्या संमतीने पुढे ढकलल्याचे संस्थेने सुरुवातीस सुचवले, लेखिकेच्या बाजूने ते नाकारण्यात आले. अॅनी एर्नो, अब्दुलरझाक गुरना, ओल्गा तोकार्चुक यांच्यासह शेकडो लेखकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. मलेशिया व इंडोनेशियातील संस्था आणि अनेक अरब प्रकाशक मेळ्यातून बाहेर पडले. उद्घाटनाच्या मंचावर अतिथी देश स्लोव्हेनियाचे तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांनी हमासच्या हल्ल्याचा निषेध करून या निर्णयावरही टीका केली, तेव्हा त्यांच्या भाषणात अडथळा आणला गेला.

त्या ऑक्टोबर महिन्यातील दुःख व भय खरे होते. हत्याकांडाने होरपळलेल्या समाजाच्या भावनांचा विचार करू नये, असे कोणी म्हणणार नाही. तरीही समीक्षेला एक प्रश्न विचारावाच लागतो. कादंबरी हल्ल्यापूर्वीच लिहिलेली, अनुवादित झालेली व पारखलेली होती. १३ ऑक्टोबरला तिच्यातील एकही शब्द बदललेला नव्हता. बदलली होती ती लेखिकेकडे पाहण्याची रीत. आठवड्यापूर्वी ती एका पुस्तकाची कर्ती होती. आता ती एका पक्षाची प्रतिनिधी ठरली. त्याच मेळ्याच्या अखेरीस, २२ ऑक्टोबर रोजी, सलमान रश्दी यांनी पाउल्सकिर्शेमध्ये शांतता पुरस्कार स्वीकारला. आदल्याच वर्षी झालेल्या प्राणघातक हल्ल्यात त्यांनी एक डोळा गमावला होता. रश्दींचा सन्मान सर्वथा योग्यच होता. परंतु एकाच आठवड्यात एकीकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गौरव आणि दुसरीकडे एका लेखिकेसाठी 'योग्य वेळेची' प्रतीक्षा, ही विसंगती मेळ्याच्या इतिहासातून पुसली जाणार नाही. स्वातंत्र्याची परीक्षा सर्वमान्य झालेल्या लेखकाच्या सत्कारात होत नाही, ती अडचणीच्या लेखकाच्या निमंत्रणात होते.

७. मराठी साहित्यव्यवहाराच्या संदर्भात

येथवरचे विवेचन दूरच्या देशाचे वाटेल. परंतु हा प्रश्न मराठीला नवा नाही. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी सभा भरली तेव्हा तिचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांना इतरांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभेत वाचल्या गेलेल्या निबंधांपेक्षा सभेस न आलेल्या माणसाचे पत्र आज मराठी समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले आहे. व्यासपीठाची चिकित्सा त्यावर न चढताही करता येते, याचा हा मराठीतील पहिला धडा होय.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१९ मधील. यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण दिले गेले आणि संमेलन तोंडावर आले असता ते मागे घेतले गेले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेस मराठी संमेलनाचे उद्घाटन करू देण्यास विरोध, हे त्यामागचे दृश्य कारण होते. अनेक निमंत्रितांनी संमेलनास न जाण्याचा निर्णय घेतला. न झालेले भाषण मराठीत अनुवादित होऊन वृत्तपत्रांतून सर्वत्र पोचले आणि झाले असते तर ज्यांनी ऐकले असते, त्यांहून कितीतरी अधिक लोकांनी ते वाचले. दाय छिंग यांचा प्रसंग आणि हा प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही ठिकाणी कायद्याने बंदी घातलेली नव्हती, हे साम्य चटकन लक्षात येते. दोन्ही ठिकाणी आयोजकांनी गैरसोय टाळली. गैरसोय टाळण्याची ही वृत्ती कोणत्याही एका राष्ट्राची मक्तेदारी नाही.

फलश्रुतीच्या दृष्टीनेही मराठीने स्वतःकडे पाहिले पाहिजे. १९७६ मध्ये, म्हणजे फ्रँकफर्टचा पहिला विषयकेंद्री कार्यक्रम झाला त्याच वर्षी, गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. हायडेलबर्ग विद्यापीठातील हा अभ्यासक वर्षानुवर्षे महाराष्ट्रात येऊन धनगरांसोबत राहिला आणि त्यांच्या ओव्या त्याने ऐकल्या. जर्मन भाषेत मराठी माणसाची जी सखोल ओळख झाली, तिचा मोठा वाटा अशा प्रदीर्घ सहवासाचा आहे. मंचावरील अर्ध्या तासाने ती झाली नसती. मंच दार उघडतो, घरात राहावे लागते ते अनुवादकाला आणि अभ्यासकाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद साजरा करणारे कार्यक्रम पुष्कळ झाले. मराठीतून थेट जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये अनुवाद करू शकतील अशी माणसे घडवण्याचे काम मात्र सोहळ्याने होणारे नाही.

आणि शेवटी आपली महाविद्यालये. आपणही परिसंवाद भरवतो. 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण निमंत्रणपत्रावर घालतो, बीजभाषणासाठी मोठे नाव शोधतो, शोधनिबंध वाचणाऱ्यास पाच मिनिटे देतो आणि सायंकाळी प्रमाणपत्रांचे वाटप करतो. मूल्यांकनाच्या तक्त्यात एक अंक वाढतो. प्रस्तुत लेखकानेही अशा परिसंवादांचे संयोजन केले आहे. 'या वक्त्यांना बोलावले तर उगाच वाद होईल' हे वाक्य संयोजन समितीच्या बैठकीत ऐकले आहे आणि मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळण्यात भागही घेतला आहे. त्यामुळे फ्रँकफर्टच्या संचालकांवर केलेली टीका ही दुसऱ्याच्या अंगणातील कचऱ्यावरची टीका नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळ्यातील लेखक-संवाद हा बाजाराने साहित्याला दिलेला अवकाश आहे, आणि राज्यसंस्था त्या अवकाशात प्रतिनिधित्वाच्या मार्गाने प्रवेश करते. प्रतिनिधित्व सर्वस्वी टाळता येत नाही. त्याचे लाभही आहेत. इंडोनेशियाच्या लेखिकांना जर्मन वाचक मिळाला तो याच मार्गाने. परंतु लेखकाला बोलावण्याचे खरे कारण त्याचा ग्रंथ हेच असले पाहिजे. तो कोणत्या देशाचा, कोणत्या पक्षाचा, या आठवड्यात कोणास अवघड जाणारा, ही कारणे निमंत्रण देताना गैरलागू असतील तर निमंत्रण मागे घेतानाही ती गैरलागूच ठरतात.

परिसंवादाचे यश उपस्थितांच्या संख्येवरून किंवा पाहुण्यांच्या नावांवरून मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. यादीतून कोणाचे नाव वगळले आणि का वगळले, हे इतिवृत्तात लिहिण्याचे धैर्य एखाद्या महाविद्यालयाने दाखवले, तर तो परिसंवाद 'आंतरराष्ट्रीय' या विशेषणाविनाही मोठा ठरेल. फुल्यांचे पत्र टिकले, कारण ते लिहिले गेले. आपल्या समित्यांच्या बैठकांत घेतले जाणारे असे निर्णय मात्र बहुधा तोंडीच होतात आणि तोंडीच विरून जातात.